पुसलेले प्लग

२ मार्च

मामा, नमस्कार.

फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं तर तलावावरचा सगळा धक्का ऐकेल, आणि हे कोणाच्या कानावर जायला नको आहे. म्हणून पत्र.

आपली जुनी वॉटर स्कूटर दम टाकायला लागली आहे. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही इथे येऊन, यांना हाताशी घेऊन जिचं इंजिन पूर्ण उतरवून पुन्हा बांधलंत, तीच. सुरू एका झटक्यात होते. हळू चालवली तर काही तक्रार नाही. पण थ्रॉटल पूर्ण दाबला की दहा-बारा सेकंद पळते आणि मग वाळूत सायकल शिरावी तशी बसते. तलावाच्या मधल्या लाल पिंपाला वळसा घालून परत यायला पूर्वी तीन मिनिटंही लागत नसत. आता पाच लागतात.

१८ एप्रिलला तलाव समितीचा तपासनीस घड्याळ घेऊन येणार आहे. तीन मिनिटांत परत आलो नाही तर बुडणाऱ्यांना बाहेर काढायचं काम आपल्या धक्क्याकडून जाईल आणि समोरच्या काठावरच्या धक्क्याच्या गॉगलवाल्या मालकाला मिळेल. त्याच्याकडे दोन कोऱ्या स्कूटर आहेत. हे जाऊन दोन वर्षं झाली, मामा. तेव्हापासून मी उभी आहे ती या एका कामावर.

आता खरं सांगायचं ते. मला भाऊजींचा संशय येतो. सख्खा दीर आहे, स्कूटर तेच चालवतात, शेडमागच्या खोलीत राहतात, आलेलं टपालसुद्धा तेच घेतात. पण गेल्या पंधरवड्यात मी तीन गोष्टी पाहिल्या. एक, भर पाण्यात स्कूटर बसायला लागली की ते मध्येच चोक ओढतात. चालत्या इंजिनाचा चोक कोणी ओढतं का? दोन, टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून त्यांनी शेडमागे लपवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, असंच बघत होतो. तीन, थ्रॉटल पूर्ण दाबतच नाहीत, आणि मलाही दाबू देत नाहीत. वर परवा समोरच्या काठावर त्या गॉगलवाल्याशी अर्धा तास बोलत उभे होते. कुठेतरी पाणी मुरतंय.

काय करू ते कळवा.

तुमची भाची


८ मार्च

प्रिय फौजदार,

पाच वर्षांची असताना बिस्किटाचा डबा कोणी उघडला म्हणून तू अख्ख्या घराची झडती घेतली होतीस, तेव्हाच तुझं हे नाव पडलं. स्वभाव बदललेला दिसत नाही. पण यावेळी तुझं चुकतंय असं मला वाटत नाही. चालत्या इंजिनाचा चोक ओढणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा त्याचा काहीतरी हेतू असतो. तुझे भाऊजी अडाणी नाहीत. मी इंजिन बांधत होतो तेव्हा चारही दिवस ते माझ्या खांद्यावरून बघत होते.

म्हणून जे करायचं ते तू स्वतः कर, आणि ते नसताना. आधी स्कूटर पाण्याबाहेर घे आणि मागच्या पंख्यात हात घालून बघ. दोरी, गवत, प्लॅस्टिक काही अडकलंय का? पंखा आणि त्याच्या भोवतीचं कडं यांत नाण्याच्या कडेपेक्षा जास्त फट असेल तर इंजिन ओरडतं पण स्कूटर पुढे सरकत नाही. मग प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघ. गेज सोबत पाठवला आहे. दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत.

पेट्रोलच्या वाटेबद्दल मात्र मी निर्धास्त आहे. ते करडे पाइप मी स्वतः निवडून घातलेत, एकेका सांध्याला तांब्याच्या तारेचा दुहेरी पीळ मारून. ते पाइप तुझ्याहून जास्त टिकतील. तिकडे वेळ घालवू नकोस.

शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही प्लग मला पाठव. कुठला पुढच्या सिलिंडरचा, कुठला मागच्या, ते चिठ्ठीवर लिही. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते प्लगच्या टोकावर लिहिलेलं असतं. तपकिरी असेल तर सगळं ठीक, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी.

गॅरेजमध्ये माझ्या हाताखाली चार सुट्ट्या काढल्या आहेस. पाना न पुसता हातात दिलास की टपली बसायची, आठवतं ना? तेवढं शिक्षण या कामाला पुरेसं आहे.

तुझा बहिरा मामा


१५ मार्च

मामा, नमस्कार.

टपली आठवते. अजून डोकं दुखतं.

भाऊजी दुपारी गावात गेले तेव्हा आमचे होड्या दुरुस्त करणारे सुतारकाका आणि मी मिळून स्कूटर वर ओढली. पंखा स्वच्छ आहे. फटीत नाण्याची कडसुद्धा जात नाही. गेजचा काटा दोन्ही सिलिंडरना एकशेचाळिसाच्या आसपास थांबला, पुढच्याला दोनेक कमी. म्हणजे इंजिन धडधाकट आहे, मग दम का जातो? धडधाकट माणूस मध्येच बसला तर त्याला कोणीतरी बसवलेलं असतं, असं माझं मत.

प्लग या पार्सलमध्ये आहेत. दोन वेगळ्या डब्या केल्या आहेत, पुढचा आणि मागचा असं लिहून. स्कूटरला नवे लावले, भाऊजींना कळू दिलं नाही.

नव्या प्लगनेही फरक पडला नाही. काल संध्याकाळी भाऊजी आपण होऊन म्हणाले, "वहिनी, पेट्रोलचे पाइप बदलून बघू या का?" मी तुमचंच वाक्य ऐकवलं, की ते पाइप मामांनी घातलेत, ते तुमच्या-माझ्याहून जास्त टिकतील. यावर भाऊजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," म्हणाले आणि निघून गेले. खरं असतं तर माणूस भांडला असता ना? जिथे काही झालेलंच नाही तिथे मला गुंतवून ठेवायचा बेत दिसतो. तारीख जवळ येते आहे.

प्लगवर काय दिसतं ते लगेच लिहा.

तुमची भाची


२१ मार्च

फौजदार,

प्लग मिळाले. बघताक्षणी सगळं लक्षात आलं.

काय ते कागदावर लिहीत नाही. टपाल तुझे भाऊजी घेतात हे तूच लिहिलं आहेस, आणि पाकीट वाफेवर उघडायला दोन मिनिटं लागतात. एवढंच सांगतो, त्या माणसाला यापुढे इंजिनाला हात लावू देऊ नकोस. चावी आणि तिची लाल दोरी काढून घे. कारण विचारलं तर सांगू नकोस, सांगितलंस तर सावध होतील.

मला वाईट वाटतं. पोरगा मला आवडला होता.

मामा


२८ मार्च

मामा,

तुमचं पत्र न फोडलेलंच मिळालं. निदान तसं दिसत होतं.

तुम्ही म्हणालात तसं केलं. ती लाल दोरी भाऊजींच्या डाव्या मनगटाला कायम असते. पाण्यात पडलो तर दोरीबरोबर चावी निघते आणि इंजिन बंद होतं, म्हणून बांधायची. पण त्यांना इतकी सवय झाली आहे की जेवतानाही ती हातालाच असते. मी शेडमध्ये गेले आणि म्हटलं, दोरी द्या. त्यांना वाटलं धुवायला हवी आहे. मग म्हटलं, उद्यापासून स्कूटर मीच चालवीन. त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का, वहिनी?" मी सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहे. यावर त्यांनी दोरी सोडली. मनगटावर तेवढीच गोरी पट्टी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली रिकामी. आणि ते कुठे आहेत माहीत आहे? समोरच्या काठावर, गॉगलवाल्याकडे. आता बोला. आपल्याला वाटत होतं तेच झालं. सुतारकाका तेवढे माझ्याशी धड बोलत नाहीत, पण त्यांना आतलं काय माहीत.

पुरावाही मिळाला आहे. भाऊजी हत्यारांचा पत्र्याचा डबा इथेच विसरले. त्यात तळाशी फडक्यात गुंडाळलेला बोटभर करड्या पाइपचा तुकडा होता. टोकाला तुमच्या तारेचा पीळ आहे, म्हणजे आपल्याच इंजिनाचा. दुसरं टोक ब्लेडने सरळ कापलेलं. मी इंजिनात पाहिलं, तर टाकीजवळ तेवढाच तुकडा कमी करून पाइप ओढून बसवला आहे. चांगला पाइप चोरून कापायचा आणि वर म्हणायचं, पाइप बदलू या! तुकडा पाकिटात घातला आहे. तुम्हीच बघा.

आता टपाल मी स्वतः घेते. प्लगवर तुम्हाला काय दिसलं ते आता तरी सांगा.

तुमची भाची


३ एप्रिल

पोरी,

आज फौजदार म्हणवत नाही.

तुकडा मिळाला. तारेचा पीळ माझाच. बाहेरून बघितलं तर पाइप काल घातल्यासारखा. मी मोठ्या तोऱ्यात तुझ्या मामीला दाखवला, बघ म्हटलं, नऊ वर्षांत एक चीर नाही. ती म्हणाली, आतून कसा आहे? मी ब्लेडने उभा चिरला. आत हिरवा चिकट गाळ होता. नख लावलं तर पाइपची आतली कातडीच निघून आली. पेट्रोलने हा पाइप आतून विरघळतो. तो गाळ वाहत जाऊन कार्ब्युरेटरमधल्या जाळीत बसतो. जाळी करंगळीच्या नखाएवढी असते. हळू चालवताना झिरपेल तेवढं पेट्रोल पुरतं. थ्रॉटल दाबला की इंजिन उपाशी राहतं. तुझी स्कूटर बसते ती यामुळे. मी निवडलेल्या, मी घातलेल्या पाइपमुळे.

मग तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. शरमेने मान खाली गेली. इंजिन बसताना चोक ओढला तर पेट्रोल जास्त जातं. त्याने इंजिनाने क्षणभर उचल घेतली, तर समजावं की पेट्रोलच कमी पडत होतं. बरणीत पेट्रोल काढायचं ते गाळ खाली बसतो का बघायला. आणि थ्रॉटल पूर्ण दाबू द्यायचा नाही, कारण उपाशी इंजिन तसं पळवलं तर पिस्टनला भोक पडतं. तो माणूस तुझं इंजिन वाचवत होता. सगळं निदान तू मला २ मार्चलाच लिहून पाठवलं होतंस, भाऊजींनी केलेलं. चाळीस वर्षं या धंद्यात काढली आणि मी ते ओळखलं नाही, कारण पाइप माझे होते.

पण एक गोष्ट उरते आणि ती मला झोपू देत नाही. प्लग. मला ते पांढरे दिसायला हवे होते. तू पाठवलेले दोन्ही प्लग चकचकीत होते, दुकानातून आणल्यासारखे. चालत्या इंजिनात असे प्लग मी जन्मात पाहिले नाहीत. कोणीतरी ते घासून पुसून परत बसवले होते, मला काही कळू नये म्हणून. तेव्हा मी तुला जे लिहिलं ते या एका गोष्टीवरून. बाकी सगळ्यांत भाऊजी सुटतात, यात सुटत नाहीत. त्यांनी प्लग का पुसले असतील?

मामा


७ एप्रिल

मामा,

प्लग मी पुसले.

पाठवायच्या आधी रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले, मग पॉलिश पेपरने टोकं लख्ख केली. अर्धी दुपार गेली त्यात. पुढचा पांढरा होता, अगदी खडूसारखा. मला आठवतं, कारण ते पांढरं निघता निघत नव्हतं. तुमच्या हातात घाण वस्तू कशी द्यायची? तुमच्याच गॅरेजचा नियम. पुसल्याशिवाय काही पुढे करायचं नाही.

तुम्ही वाचायला मागवलं होतं आणि मी पुसून पाठवलं. मग त्यावरून माणूस घालवला.

तुम्ही तेव्हाच पत्रात दोन शब्द लिहिले असते, प्लग पुसलेले का आहेत, तर मी लगेच सांगितलं असतं. पण तुम्हाला दोष कसा देऊ? भाऊजींना मी तरी कुठे विचारलं? ते विचारत होते, माझं काय चुकलं, आणि मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे.

इथून रोज समोरचा काठ दिसतो. त्यांची चाल लांबूनही ओळखू येते. मी शेडच्या आत जाऊन बसते.

अकरा दिवस राहिले आहेत.


११ एप्रिल

पोरी,

रड, पण हात चालू ठेव. सोबत काळ्या पाइपचं वेटोळं आणि दोन नव्या जाळ्या आहेत. चित्र काढून दिलं आहे, स्क्रूंना आकडे घातले आहेत. करड्या पाइपचा एक इंचही आत ठेवू नकोस. माझ्या तारेचे पीळ बघून हळवी होऊ नकोस, सरळ काप. कार्ब्युरेटर उघडशील तेव्हा स्क्रू काढलेस त्याच क्रमाने फडक्यावर मांड. सगळं बसलं की आधी दहा मिनिटं हळू चालव.

आणि हे दुसरं पाकीट भाऊजींसाठी. मी ते चिकटवलेलं नाही. तू वाच, सुतारकाकांना वाचू दे, त्या गॉगलवाल्यालाही वाचू दे. पाइप कोणी घातले, निदान कोणी केलं आणि संशय कोणी पेरला, तिन्ही लिहिलं आहे. म्हाताऱ्याला माफी मागायची सवय नाही. अक्षर वाईट आलंय, समजून घेतील.

टपालाने पाठवू नकोस. स्वतः जा.

मामा


२० एप्रिल

मामा, नमस्कार.

पाइप बदलले. सुतारकाकांनी दिवा धरला, आणि आता ते माझ्याशी बोलतात. पुढच्या कार्ब्युरेटरची जाळी बाहेर आली तेव्हा शेवाळ्याचा गोळाच वाटला. नवी बसवली, तुमचे पीळ सगळे कापले. चोकला हात लावावा लागला नाही. परवा तपासनीस आला. दोरी माझ्या मनगटाला होती. लाल पिंपाला वळसा घालून दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांत परत. काम आपल्या धक्क्याकडेच राहिलं.

तपासनीस गेल्यावर पाकीट पिशवीत घातलं आणि तशीच स्कूटरवरून समोरच्या काठाला गेले. भाऊजी पाठमोरे उभे होते, होडीला रंग देत. मी पोचायच्या आधीच ते वळले. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "पुढच्या सिलिंडरचा आवाज मोकळा झाला." मला तिथेच रडू फुटलं.

मी म्हटलं, प्लग मी पुसले होते, आणि तुमचं काही चुकलं नव्हतं. मग तुमचं पत्र दिलं. त्यांनी उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. गॉगलवाल्याशी त्या दिवशी काय बोलत होते तेही कळलं. तीन फूट काळा पाइप मागायला गेले होते. त्याने पाइप दिला नाही, नोकरी देतो म्हणाला. तेव्हा भाऊजी नाही म्हणून परत आले होते.

तो तुकडा त्यांनी मला दाखवायलाच कापून ठेवला होता. मी विचारलं, मग दाखवला का नाही? म्हणाले, "तुमच्या मामांच्या हातचं काम. तुम्ही ते इतक्या कौतुकाने सांगितलंत, वहिनी, की वाटलं दोन दिवस थांबावं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी मनगटावरची दोरी सोडून पुढे केली. त्यांनी घेतली, बोटांत फिरवली, आणि परत माझ्याच हाताला बांधली. गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं.

"घरी येईन, वहिनी," म्हणाले. "धक्क्यावर नाही येणार."

बोलायला जागा कुठे ठेवली होती मी? परत येताना स्कूटर इतकी सुरेख पळत होती की हे हयात असते तर त्यांना ऐकवली असती.

सोबत दोन डब्या आहेत, पुढचा आणि मागचा. परीक्षेच्या दिवशीचे प्लग. दोन्ही तपकिरी आहेत, तुम्ही लिहिलं होतं तसे. पुसलेले नाहीत, हात काळे होतील. दाखवायला इथे कोणी नाही, म्हणून तुम्हाला पाठवते आहे.

तुमची भाची